हयात आजीवरची कविता

दादा,

अमेरिकेतले नवे कवी फोनवर शोधून वाचायचा मला नाद आहे. शाळेत इंग्रजी शिकवून शिकवून आलेला कंटाळा त्यानं जातो. गेल्या महिन्यात अशीच एक मुलगी सापडली. आडनाव आपलं, हनुवटी थेट आईची. परिचयात तुझं नाव होतं. तू भांडून गेलास, त्यानंतर तुला लेक झाली हेही आम्हाला असं कळलं.

कविता आजीवर होती. तिच्या जन्माआधीच तापानं वारलेल्या आजीवर. बाबांनी तेवढंच सांगितलं, असं ती लिहिते.

आईला पेज भरवताना मला रडू फुटलं. तिनं खोदून विचारलं, तेव्हा कविता मराठीत सांगितली.

"कशानं गेले म्हणे मी?"

"तापानं."

"बरं झालं, फार हाल नाही झाले." आई हसायला गेली आणि तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "पोरीला काही कळवू नकोस गं. बापाला तिच्यासमोर खोटं पाडू नकोस."

मग रोज ती कविता ऐकायची. तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही.

आई काल गेली. तुला कळवून उपयोग नाही; तुझ्या लेखी ती कधीच गेली होती. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

पोरीला मात्र आज सगळं लिहिलं. आईचं मन मोठं होतं, माझं नाही.

तुझी
धाकटी