तुझं काय?

अण्णा,

चिकपेटेच्या बाजारातल्या आपल्या दुकानात बायका दोन साड्या पुढ्यात घेऊन विचारायच्या, "यातली कुठली चांगली?" काका लगेच महागडीवर हात ठेवायचे. तुम्ही मात्र हसून म्हणायचात, "नेसणार तुम्ही, अक्का. मी कसं सांगू?" काहीजणी चिडून उठून जायच्या आणि काका कपाळाला हात लावायचे. गादीच्या कोपऱ्यात बसून बघणारी मी मनातून काकांच्याच बाजूची असायची. घरीही तुमची तीच तऱ्हा. कॉलेजात कुठले विषय घेऊ म्हटलं, की तुम्ही उलट मलाच विचारणार. मैत्रिणींचे वडील फटकन सांगून मोकळे व्हायचे, मला त्यांचा हेवा वाटायचा.

मग नव्वदीच्या दशकात ते स्थळ आलं. मुलगा कॉम्प्युटरवाला, अमेरिकेला निघालेला. उप्पिट-कॉफी झालीय, काका साखरेची वाटी घेऊन उभेच आहेत. "आमचा होकार समजा," मुलाचे वडील म्हणतात. तुम्ही माझ्याकडे वळता. "तुझं काय?" भर हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर! आईचा चेहरा पडतो. मी रीतीप्रमाणे मान खाली घालून म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा."

"ते माझं उत्तर झालं. मी तुझं विचारतोय."

"पोरीला काय विचारायचं त्यात?" काका उसळतात.

"स्वल्प थांब रे," एवढंच तुम्ही म्हणता, आणि माझी वाट बघता.

मी "नाही" म्हटलं. "सरी, ठीक आहे," म्हणून तुम्ही पाहुण्यांना हात जोडलेत. काकांनी अबोला धरला, नात्यातल्यांनी तोंडसुख घेतलं, ते सगळं तुम्ही निमूट सोसलंत. मला मात्र "का?" म्हणून कधी विचारलं नाहीत. इतका धीट माणूस मी दुसरा पाहिला नाही, अण्णा. पुढे नोकरी, नवरा, एचएसआरच्या नव्या वस्तीतलं घर, सगळं माझं मी ठरवलं. काही ठिकाणी सपशेल आपटले, पण ते आपटणंही माझंच होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

तुम्ही असताना एक गोष्ट सांगायचा धीर झाला नाही. आता पाठवायला पत्ताच नाही, म्हणून लिहिते. मुलगा तसा बरा होता. हो की नाही, हे माझं मलाच कळत नव्हतं. मी "नाही" म्हटलं तर तुम्ही खरंच माझ्या बाजूने उभे राहता का, एवढंच मला बघायचं होतं. विचार करायला मी त्यानंतर शिकले.