प्रेमिलाच्या कानाची तार

महाल, नागपूर
४ जून १९८६

प्रिय जागेश्वरदादाले पुष्पाचा नमस्कार,

तुझं कार्ड भेटलं. वहिनीच्या कुरड्या एसटीत चुरा न होता आल्या, नशीबच म्हणायचं! इथं उन्हानं जीव नकोसा केला, बाकी मी मजेत.

प्रयोगशाळेचं काम चांगलं चालून राहिलं. बहिऱ्या कानात बसवायच्या केसाएवढ्या तारेवर आम्ही वीज जाऊ देणारं काळं प्लास्टिक चढवतो. त्यात थोडं प्रथिन घालतो, म्हणजे अंगातल्या मज्जातंतूले तार परकी वाटू नये. पण ते प्लास्टिक पापुद्रे धरून सुटून राहिलं होतं. मग मले मागावरच्या सुताले खळ लावणारा तू आठवला. "खळ घट्ट झाली की सूत तडकते, पातळ लाव अन् वाळू दे!" किती ओरडायचा गा माझ्यावर! तसंच पातळ, तीनदा चढवलं. सात आठवडे मिठाच्या पाण्यात टिकून आहे. सरांनी विचारलं, कुठं शिकली? मी म्हणली, उमरेडले, भावाजवळ.

तू विचारलं, प्रेमिलाच्या कानात तार कधी बसवायची.

दादा, नाही बसणार गा. ती तार अजून सशालेही लावली नाही. माणसापर्यंत जायले वीस वर्षं लागतील, जास्तही. संक्रांतीले मी म्हणली ना, वर्षभरात तुझी लेक ऐकायले लागेल, ते साफ खोटं होतं. वहिनी माझ्याकडे आशेनं पाहून राहिली होती, अन् मले मोठेपणा आवरला नाही. त्या भरवशावर तू बहिऱ्या मुलांच्या शाळेचा फॉर्म परत केला, हे वहिनीच्या चिठ्ठीतून कळलं. तेव्हापासून मी घरी आली नाही. कामाचं निमित्त होतं. लाज वाटत होती.

पोरगी सात वर्षांची झाली. आता हे वर्षही माझ्यापायी जायले नको. इथं त्या शाळेच्या बाईले भेटली मी. मंगळवारपर्यंत जागा ठेवतो म्हणाल्या. प्रेमिला माझ्याजवळ राहील, मीही तिच्यासंगं हाताच्या खुणांनी बोलणं शिकीन.

सोमवारी पहिल्या एसटीनं येऊन राहिली. मले शिव्या दे, जेवू घालू नको, पण तिचे कपडे बांधून ठेव.

वहिनी लिहिते, पोरगी कानाले हात लावून माझी वाट पाहते. तिले तू काही समजावू नको. मीच समोर बसून सांगीन. खुणांनी कसं सांगायचं, ते अजून मले येत नाही.

खोटं बोलली तरी तुझीच,
पुष्पा