कुऱ्हाड वर ठेवली का?

न्यू ऑर्लिन्स
रविवार, २ जून २०२४

प्रिय ओडेट,

आम्ही बरे आहोत. तुझंही तिकडे मेम्फिसला बरं चाललं असेल असं धरून लिहितो. नाताळला तुझं कार्ड येतं, अर्लीन उत्तर लिहिते आणि खाली नवऱ्याचं म्हणून माझं नावही तीच घालते. या खेपेला अक्षर माझं आहे. दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही.

काल एक जून, वादळांचा हंगाम लागला. गल्लीत नेहमीची धांदल. अर्लीननं पाण्याचे कॅन भरले, महिन्याभराच्या गोळ्या आणि घराचे कागद प्लॅस्टिकमध्ये बांधले, फ्रीजरमध्ये बर्फाच्या पेल्यावर नाणं ठेवलं. परतल्यावर नाणं तळाशी दिसलं की वीज गेली होती असं समजायचं आणि आतलं सगळं मांस फेकायचं. मी गटाराच्या जाळीतली पानं उपसली, खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या नंबरवार लावून पाहिल्या. तीन नंबरची कुजली आहे. समोरच्या मिस ऑलिंपिया आता चौऱ्याऐंशीच्या, पण जीभ अजून तशीच. पोर्चवरून ओरडल्या, "अल्सीड, तुझ्या फळ्यांपेक्षा माझे दात घट्ट बसलेत, आणि ते कवळीचे आहेत!"

मी म्हटलं, "मिस ऑलिंपिया, या वर्षी निघा म्हटलं की निमूट गाडीत बसायचं हं."

"बसेन की. मयताच्या गाडीत बसेन."

संध्याकाळी आमची कियाना जेवायला आली. बाप म्हातारा झाला म्हणून हल्ली ही पोरगी आमची हजेरी घेते. ताटावर बसता बसता म्हणाली, "पपा, कुऱ्हाड वर ठेवलीत का?"

"ठेवली," मी म्हटलं.

ओडेट, कुऱ्हाड मागच्या शेडमध्ये होती. गुडघा दुखतो, शिडी चढवत नाही, म्हणून राहिली होती. पण तो शब्द फार सहज निघाला. हाच शब्द मी याआधी एकदा बोललोय. म्हणून हे पत्र.

पासष्टच्या वादळात घरात पाणी चढलं तेव्हा डॅडींनी आपल्याला पोटमाळ्यावर नेलं आणि कुऱ्हाडीनं छप्पर फोडून बाहेर काढलं. तू दोन वर्षांची, आईच्या कडेवर. मला अजून तो आवाज आठवतो. तेव्हापासून कुऱ्हाड पोटमाळ्यावर, खिळ्याला. दर एक जूनला ते शिडी चढून तिला हात लावून यायचे.

२००५ च्या मे महिन्यात माझ्या अंगणात झाड पडलं. ते तोडायला ती कुऱ्हाड मी नेली. जूनमध्ये डॅडींचा गुडघा सुजलेला. मला विचारलं, "पोरा, जागेवर ठेवलीस ना?" मी म्हटलं, "ठेवली." ती माझ्या ट्रकमध्ये सीटमागे होती. उद्या ठेवू म्हटलं. उद्या उद्या करत ऑगस्ट उजाडला.

त्या शनिवारी मोठं वादळ येतंय म्हणून आम्ही शहर सोडून निघालो तेव्हा मी त्यांना म्हटलं, चला, ट्रकमध्ये जागा आहे. ते हसले. "मोटेलात ढेकूण मारत बसू? वर माझी कुऱ्हाड आहे. तुम्ही व्हा पुढे." तेव्हाही मला आठवलं नाही, हे बायबलवर हात ठेवून सांगतो.

आठवलं संध्याकाळी. मोटेलच्या आवारात बॅगा काढताना ती हाताला लागली. फोन लागत नव्हता असं मी सगळ्यांना सांगत आलोय. फोन चालू होता. मी लावलाच नाही. वादळ दरवर्षी वळतं, याही वर्षी वळेल, उगाच बापाकडून खोटारडा कशाला म्हणवून घ्या. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी तुला फोन केला. "ये, मला घेऊन जा." तू बॅटन रूजच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होतीस. तीनला सुटते, तशी निघते, म्हणालीस. निघालीसही, पण तोवर पोलीस शहरात एकही गाडी सोडत नव्हते. सोमवारी बांध फुटले आणि डॅडी घरातच बुडाले. दफनाच्या दिवशी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बापानं हाक मारली आणि लेक नोकरी करत बसली!" तू माझ्याकडे पाहिलंस. मी हातातल्या हॅटकडे पाहत राहिलो.

मग तू मला बाजूला घेऊन विचारलंस, शनिवारी ठाम नाही म्हणणारा माणूस रविवारी कसा बदलला? मी म्हटलं, म्हातारपण.

म्हातारपण नव्हतं, ओडेट. तसल्या गुडघ्यानं ते शिडी चढले असणार आणि वर त्यांना नुसता खिळा दिसला असणार. दुसरं कारणच नाही. घर पाडण्याआधी मी एकटा वर जाऊन आलो होतो. छताच्या फळ्यांवर त्यांच्या काठीचे घाव होते आणि काठी दोन तुकडे होऊन पडली होती. हे मी अर्लीनलाही सांगितलं नव्हतं.

तुला फोन केला तेव्हा त्यांनी कुऱ्हाडीचं नाव काढलं नाही. मलाही फोन करून शिव्या घातल्या नाहीत. माझं खोटं त्यांनी पोटात घातलं, आणि ते त्यांच्याबरोबर गेलं म्हणून मी एकोणीस वर्षं तुला त्याची शिक्षा भोगू दिली.

तुझी चूक नव्हती. हे मी आत्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. ती आता नाही, म्हणून आज चर्च सुटल्यावर तिच्या मुलांना थांबवून सांगितलं. घरी आल्यावर अर्लीन आणि कियानाला सांगितलं. अर्लीन उठून आत गेली, अजून बाहेर आलेली नाही. कियाना मागच्या दारानं गेली. शेडमधून कुऱ्हाड घेऊन आली आणि शिडी धरून उभी राहिली. मी चढलो.

उत्तराची अपेक्षा करायला मला तोंड नाही. कुऱ्हाड वर टांगली आहे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, कियानाला विचार.

भाऊ म्हणायचं की नाही ते तुझ्यावर सोडणारा,
अल्सीड