नांदेडचा कोड

मंगळवार, संध्याकाळ



दुपारी मोबाइलवर एका लँडलाइनवरून फोन आला. शारदाचा नवरा. त्याच्या माराला कंटाळून माझी ही धाकटी बहीण महिन्यापासून माझ्याकडे राहते. आवाज गोड करून म्हणाला, "अक्का, उदगीरहून बोलतोय. तिला सांगा, मी दारू सोडली."

फोन ठेवल्यावर नंबर परत बघितला. सुरुवातीला ०२४६२. हा तर नांदेडचा कोड. उदगीरचा ०२३८५, माहेरचा, तो कसा विसरेन? म्हणजे हा इथंच आलाय. मग खोटं कशाला बोलला?

शारदाला शेजारी पाठवलं, पोलिसांना फोन लावला. ते यायच्या आत त्यानं दार फोडलं. हातात कोयता.

"कुठं हाय ती?"

केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. ओट्यावरचा बत्ता हाती लागला, तो त्याच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. कोयता सुटला, तोही खाली पडला. मी हाणतच राहिले. शेवटी पोलिसांनी माझा हात धरला, तेव्हा शारदा दारात उभी होती.

आत्ता शारदा माझ्या कपाळावर हळद दाबत हळूच म्हणाली, "अक्का, तो तर पडला होता ना?"

"हाव," मी म्हणाले. पडलेला दिसत होता मला.