बोटीतली शेवटची खाट

४ मार्च
सही केली. लिहूनच टाकतो — प्रवाशांच्या यादीतलं पालेहाऊकाकांचं नाव मी खोडलं.

आपियाला जाणाऱ्या बोटीत खाट एकच उरली होती. बाकी सगळे नेहमीसारखे डेकवर, चटई टाकून. सकाळी युतिता नर्स ऑफिसात आली. "काकांच्या चांगल्या डोळ्यावर पडदा उतरतोय. आठवड्याच्या आत आपियाच्या डॉक्टरांनी बघायला हवं. पण न हलवता, आडवं न्यायचं. डेकवर नाही चालायचं, मंत्रीसाहेब." दुसरा डोळा तरुणपणीच गळ लागून गेलाय त्यांचा.

"बघतो" म्हणालो. आणि खाट स्वतःच्या नावावर केली. आपियाहून पुढे सुव्हाला परिषद आहे, भाषण लिहायचंय... छे! खरं सांगायचं तर दळणवळणमंत्री डुकरांच्या पिंजऱ्याशेजारी झोपलाय, हे लोकांनी बघायला नको होतं. बस, एवढंच.

पंधरा दिवसांनी पुढची बोट आहेच.

५ मार्च
काका किनाऱ्यावर आले, मला निरोप द्यायला! बोट भरली, एवढंच कळवलं होतं त्यांना. चाचपडत माझ्या गळ्यात फुलांची माळ घातली. "जा बाबा, बेटाचं नाव काढ."

माळ खाटेच्या खुंटीला टांगलीय. तिच्याकडे पाठ करून झोपलोय.

९ मार्च, सुव्हा
भाषण झालं. विषय — आमची इनाती. समुद्रातून येईल ते सगळं किनाऱ्यावर ओतायचं, घरातली माणसं मोजून वाटे लावायचे, मग घर विधवेचं असो की मंत्र्याचं. "आमच्याकडे कुणी मागे राहत नाही," असं म्हणून संपवलं. टाळ्या! एक बाई चक्क डोळे पुसत होती.

बोलताना काहीच वाटलं नाही. आत्ता लिहिताना वाटतंय.

२१ मार्च, आपिया
बोटीचं इंजिन बंद. सुटा भाग न्यूझीलंडहून यायचाय, आणखी दहा दिवस तरी लागतील. युतिताला फोन केला नाही. हिंमत नाही.

२ एप्रिल
घरी पोचलो. काकांना दिसत नाही. काहीच नाही.

चाळीस वर्षं या माणसाने इनातीचे वाटे नुसत्या नजरेने लावले. कधी कुणी हूं की चूं केलं नाही.

तेआलोफीताईने निरफणस वाढला, मासा वाढला. मग म्हणाली, "यादी युतितापाशी आहे. खोडलेलं नाव वाचता येतं, लुहिआनो."

थोरल्या बहिणीपुढे आम्ही एरवीही मान खाली घालूनच बसतो. आज वर करायची सोयच नव्हती.

४ एप्रिल
आजही सांगितलं नाही. काकांच्या दारावरून दोनदा गेलो. पावलांवरून ओळखतात म्हणून वाळूतून चालत गेलो — शी!

६ एप्रिल
वडीलधाऱ्यांच्या बैठकीत उभा राहिलो. सगळं सांगितलं — खाट, सही, डुकरं, सगळं. मंत्रिपद सोडतो म्हणालो. काकांनी विचारलं, "खाट मऊ तरी होती का रे?"

लोक हसले. मी रडलो, पन्नाशीचा बाप्या!

मग काका म्हणाले, "पदबिद राहू दे. माझ्याजवळ येऊन बस. आता माझे डोळे तू. वाटे तू लावायचे."

केवढी माया! माझी लायकी नाही. पण खरं सांगतो, हलकं वाटलं. सुटलो असंच वाटलं.

८ एप्रिल
आज कुपे मासे आले, शंभराच्या वर. इनातीची हाक गेली. वाटे मी लावले, घरोघरची माणसं मोजून, अगदी जीव ओतून. मग काका रांगत निघाले, प्रत्येक वाट्यावरून हात फिरवत. एका वाट्यापाशी थांबले.

"हा कुणाचा?"

"आमचा," ताई म्हणाली.

"दोन मासे जास्त आहेत."

मुद्दाम नाही केलं. देवाशपथ, मला दिसलंच नव्हतं.