राणीच्या गाऊनला माझ्या बाह्या

तीर्थरूप थोरल्या मेहुणीबाई, मानांग साल्वासियोन यांस,

आशीर्वादासाठी तुमचा उजवा हात इथूनच कपाळाला लावतो. गुडघे कसे आहेत? मनिलातल्या मुलाकडे जिने फार, असं ऐकतो. आम्ही दोघं, मी आणि लेक, ठीक. कोंबड्या ठीक. रविवारी पेर्पेतुआच्या थडग्यावर जाऊन येतो. बहिणीसाठी तुम्ही पाठवलेली मेणबत्ती वाऱ्यालाही दाद देत नाही.

लुनिंगविषयी लिहायचं होतं. आठवत असेल, तिच्या आईच्या अंत्यदर्शनाला आलेली प्रत्येक बाई आधी शवपेटीत डोकावायची, "किती बारीक झाली गं पेर्पेतुआ," म्हणायची आणि त्याच दमात लुनिंगकडे वळून, "आणि तू किती सुटलीस!" (आपल्याकडे हे मायेनंच म्हणतात, मला तर लग्नाच्या दिवशी पाद्र्यांनीच म्हटलं होतं.) पण पंधरा वर्षांच्या पोरीनं ते मनाला लावून घेतलं आणि भाताला हात लावेना. तिचं ताट मी वाढायचो आणि मांजर संपवायचं. अंगात काही फरक पडला नाही, चेहरा मात्र उतरला. मांजर दारातून तिरकं होऊन जाऊ लागलं.

त्यात यंदा मे महिन्याच्या मिरवणुकीत लुनिंगनं मुख्य राणी, राणी एलेना व्हावं, असं चर्चच्या रुफिना मावशींनी ठरवलं. (फुलांच्या कमानी, बँड आणि इतरांचं बोलणं, तिन्ही त्यांच्याच ताब्यात असतं.) आई ज्या गाऊनमध्ये राणी झाली, तोच लेकीनं घालावा. मी शाळेत भूमिती शिकवतो. गाऊन आणि मुलगी शेजारी पाहताच मला उत्तर कळलं होतं, पण शोकातल्या माणसानं फार बोलू नये म्हणून गप्प बसलो.

संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बायकांनी तिला गाऊनमध्ये घालून नाडीनं आवळलं.

"मावशी, मी पडेन."

"पड हो, पण चर्चला फेरी झाल्यावर पड. तुझी आई आठवडाभर पेजेवर राहिली होती."

एवढ्यात बाहेर बँड वाजला, लुनिंगनं दचकून श्वास घेतला आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी काखेपासून कमरेपर्यंत उसवल्या. कोणीतरी म्हणालं, मिरवणुकीतल्या धाकट्या कार्मेलाला उभी करा, ती काडी आहे. मला वाटलं, आता ही रडणार. ती आरशाकडे वळली.

"गाऊन लहान आहे," ती म्हणाली. "मी माझ्या मापाचीच आहे." मग माझ्याकडे वळून, "तातांग, सदरा काढा."

वडिलांनी लेकीचं ऐकावं असं तिची आई मला सांगत असे. फुलं कापायच्या कात्रीनं माझ्या शोकाच्या काळ्या सदऱ्याच्या बाह्या गेल्या आणि उसवलेल्या शिवणींत त्यांच्या कळ्या, म्हणजे रुंदीच्या पट्ट्या, बसवून बायकांनी तिच्या अंगावरच धावदोरा घातला. पांढऱ्या गाऊनला काळे पट्टे पाहून गाव हळहळलं. पोरीनं आईसाठी केलं म्हणे. (कल्पना आपलीच, असं रुफिना मावशी दुसऱ्या वळणापासून सांगू लागल्या.) लुनिंग छाती भरून श्वास घेत, हात हलवत चालली. मागे मी, उघड्या दंडांनी. वर्ष पुरं व्हायच्या आत काळं उतरवू नये असा नियम आहे. नुसत्या बाह्यांचं काय, ते पाद्र्यांनाही नक्की सांगता आलं नाही.

तब्येतीला जपा.

आपला,
आन्सेल्मो

ता. क. गाऊन मुळात तुमचा आहे, पेर्पेतुआनं मागून आणलेला, आणि तुमच्या नातीसाठी परत पाठवायचा होता, हे मला माहीत आहे. खरं तर तेवढंच लिहायला बसलो होतो. कळ्या उसवून देता येतील, पण लुनिंग नको म्हणते. मलाही नको वाटतं. तो आमच्याकडेच राहू द्यावा.

पुन्हा ता. क. पुढच्या महिन्यात शोक उतरवायला तुम्ही याल, तेव्हा दारातच तिला "किती सुटलीस" म्हणू नका. काही म्हणायलाच हवं, तर "जेवलीस का" म्हणा. पेर्पेतुआ तेच म्हणायची. मांजराला मात्र हवं ते म्हणा. मिरवणुकीपासून ते फार बारीक झालं आहे.