कुंपणातलं दार

लोझेन,
रविवार, २८ सप्टेंबर

प्रिय रुमेना,

तू, वेसेलिन आणि मुलं मजेत असाल. आम्हीही बरे आहोत. किरिलचा गुडघा दुखतो, पण हल्ली तो त्याबद्दल बोलत नाही, म्हणजे जास्तच दुखत असणार. आईला सकाळी खोकला येतो. द्राक्षं यंदा पक्ष्यांनीच खाल्ली.

काल मिरच्या भाजल्या आणि हिवाळ्यासाठी ल्युतेनित्साची चटणी केली. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. आई सालं काढायला बसली होती, पण तिला आता नीट दिसत नाही. तिने सोललेल्या मिरच्या मी मागे बसून पुन्हा सोलल्या, तिला कळू न देता. सवयीने तुझ्या दहा बरण्या वेगळ्या काढल्या. त्यांचं काय झालं ते पुढे लिहिते.

आधी जूनमधली एक गोष्ट. लाज वाटली म्हणून तुला सांगितली नव्हती. कुंपणापलीकडे, तुझ्या जागेवर, गवंडी आले. मला वाटलं, अखेर तुझं घर उभं राहतंय! अकरा दिवस मी त्या माणसांना घेवड्याचं सूप आणि पाव नेऊन दिला. बाराव्या दिवशी यान्का नावाची बाई आली आणि म्हणाली, "अहो, माझ्या गवंड्यांना तुम्ही कशाला जेवू घालताय?"

"तुमचे कसे? माझ्या बहिणीचे आहेत ते," मी म्हटलं. त्या बिचारीने पर्समधून खरेदीखत काढून दाखवलं.

मग तू फोनवर रडलीस. वेसेलिनची नोकरी गेली, जागा विकावी लागली, आता जन्मभर सोफियातल्या फ्लॅटमध्येच. "ताई, तुला तोंड कसं दाखवू?" म्हणालीस. आणि मी तुझी समजूत काढली. मी! फोन ठेवल्यावर किरिल एवढंच म्हणाला, "विकायच्या आधी विचारायला काय झालं होतं?" तर सख्ख्या नवऱ्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

तीन वर्षांपूर्वीचे आपले रविवार तुला आठवतात का? शहराबाहेर कुठे राहायचं ते ठरवायला हिंडायचो आपण. आई पुढच्या सीटवर, मांडीवर उकडलेल्या अंड्यांचा डबा. व्लादायात तिने एका घराच्या भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "इथे माझी हाडं बुरसतील." मग बान्क्या. ती लिंडनची झाडं, ते छोटं स्टेशन, गरम झऱ्याचा नळ. मी गाडीतून उतरले आणि म्हटलं, बस्स, इथेच.

तू म्हणालीस, "ताई, माझं ऑफिस दुसऱ्या टोकाला. तू रिटायर होऊन झाडं बघत बसशील, मी रोज दोन तास रस्त्यात घालवू का?" बरोबरच होतं. बान्क्या मी सोडून दिलं. तुझ्यासाठी लोझेन घेतलं, जागेचे दोन भाग केले, मध्ये कुंपण घातलं. त्या कुंपणात किरिलने लहान दार बसवलं, आईच्या माहेरी होतं तसं. आईने चाळीस वर्षांचं बिऱ्हाड मोडलं ते त्या दारावर भरवसा ठेवून. "दोघी एका हाकेवर असाल तर येते," म्हणाली होती.

गेल्या बुधवारी आईच्या खोकल्यासाठी पाणी भरायला बान्क्याला गेले होते. नळावर रांग होती. माझ्यापुढे चौथी तू होतीस.

तुझ्या पायांत हिरव्या लोकरी सपाता होत्या, मी नव्या वर्षाला दिलेल्या, टाचेकडे चेपलेल्या. शहरातून सपाता घालून कोणी पाणी भरायला येत नाही, रुमेना. मागची बाई तुला म्हणाली, "शेजारीणबाई, तुमच्या कुत्र्याला आवरा हो, आमच्या टोमॅटोत लोळतो मेला." तू हसलीस. "आवरते हो. संध्याकाळी कॉफीला या, मग त्याला मिळून रागावू."

मी खांबामागे लपले. लपायचं खरं तर तू, पण लपले मी.

घरी येऊन आईला पेलाभर पाणी दिलं. एक घोट घेऊन ती म्हणाली, "भेटली का ती?"

तिला ईस्टरपासून माहीत होतं. तू शपथ घातली होतीस म्हणे. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "तिला दाराला दार नको होतं गं. तू तिच्या पातेल्यांवरची झाकणं उघडून बघतेस, लहानपणापासून." या पाकिटावरचा पत्ताही तिनेच सांगितला. पाठ आहे तिला.

उघडते मी झाकणं. तुझ्या हाताला मीठ कमी असतं. पण हे तुला कुठल्याही रविवारी सांगता आलं असतं. मी रडले असते, महिनाभर अबोला धरला असता, आणि आज बान्क्यात राहत असते! माझ्यापासून लांब जायचं होतं तर खुशाल जायचंस. पण मला इथे आणून बसवून तू माझ्याच जागी जाऊन राहिलीस. हे मला गिळवत नाही. आईला मी औषध देते, जेवायला वाढते. तिच्याकडे बघून बोलणं मात्र अजून जमत नाही.

काल मिरच्यांचा वास पलीकडे गेला तशी यान्का कुंपणाशी आली. "हे दार कशासाठी हो? बुजवून टाकू का?"

"त्याला कोमशुलुक म्हणतात," मी सांगितलं. "रस्त्याने वळसा न घालता शेजारणीकडे जायचं दार."

"आणि कुलूप?"

"त्याला कुलूप नसतं."

ती घरात गेली आणि त्याच दारातून चीज भरून भाजलेल्या बनित्साचं ताट घेऊन आली. तुझ्या दहा बरण्या मी तिला दिल्या. बनित्सात मीठ कमी होतं. मी काही बोलले नाही.

२६ ऑक्टोबरला आईचा नामदिन, तिच्या नावाच्या संताचा सण. त्याला कोणी कोणाला बोलावत नसतं, तेव्हा हे बोलावणं समजू नकोस. आलीस तर तिच्यासाठी पाणी आण. रस्त्याकडच्या फाटकातून ये आणि बेल वाजव. कुंपणातलं दार आता शेजारणीचं आहे.

बान्क्याला राहणार होती ती,
तुझी ताई
झोर्नित्सा